जे घडलेच नाही, त्याची नोंद कशी करावी?

पत्र : माझी आई या वर्षाच्या सुरुवातीला गेली. ती सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातली डॉक्टर होती. पुढे अनेक वर्षे तिने वैद्यकीय महाविद्यालयात तोच विषय शिकवला आणि निवृत्तीनंतरही आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देणे सोडले नाही. तिचे विद्यार्थी आणि सहकारी मिळून एक स्मरणिका काढत आहेत आणि मुख्य लेख मी लिहावा, असा त्यांचा आग्रह आहे. मी स्वतः वैद्यकीय क्षेत्रातली नाही. लिहायला बसले की हात थांबतो. शल्यचिकित्सकाच्या मुलीला सांगता येते की आईने अमक्याचे प्राण वाचवले. माझ्या आईने कोणाचे प्राण वाचवले, हे मला एकाही माणसाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. तिच्या नावाची इमारत नाही, मोठा पुरस्कार नाही. भाऊ म्हणतो, ‘हजारो जिवांची तारणहार’ असे लिही, लोकांना तेच वाचायचे असते. मला ते खोटे वाटते. शिवाय एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. साथीच्या काळात आई आठवडेच्या आठवडे घरी नसे आणि त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. तो लेखात यावा का? तिच्या कपाटात सर्वेक्षणांचे तक्ते, व्याख्यानांच्या वह्या, छायाचित्रे, विद्यार्थ्यांची पत्रे असे ढीगभर कागद आहेत, त्यांचे काय करावे? आणि भावाला तिच्या नावाने स्मृतिपुरस्कार सुरू करायचा आहे, त्याबद्दलही आपले मत कळवावे.

उत्तर : आपल्या दुःखात मी मनापासून सहभागी आहे. ज्या अडचणीमुळे आपला हात थांबतो, ती आपल्या लेखनाची उणीव नाही, ती आपल्या आईंच्या कामाच्या स्वरूपातच आहे, आणि लेखाची सुरुवात तिथूनच करावी असे मला वाटते. रोग झाल्यावर बरा करणाऱ्या डॉक्टरला रुग्ण ओळखतो, त्याचे नाव लक्षात ठेवतो, बरे झाल्यावर त्याला भेटायला येतो. रोग होऊच नये म्हणून झटणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला असा रुग्ण येत नाही. ज्या मुलाला गोवर झाला नाही, जी बाई बाळंतपणात दगावली नाही, ज्या वस्तीत पाण्यातून कॉलरा पसरला नाही, त्या कोणालाही आपण कशातून वाचलो हे कळण्याचा मार्गच नसतो. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली होती : ज्या प्रतिबंधक उपायाचा सगळ्या समाजाला मोठा लाभ होतो, त्याचा लाभ त्यातल्या प्रत्येक व्यक्तीला मात्र फारच थोडा जाणवतो. तेव्हा बोट दाखवायला एक माणूस सापडत नाही म्हणून खिन्न होऊ नका. तसा माणूस शोधणेही सोडून द्या.

मात्र या कामाचे श्रेय अशा रीतीने अदृश्य राहिल्यामुळे मृत्युलेखांत काय होते, याचे एक उदाहरण आपल्याला माहीत असावे. लंडनच्या सोहो भागात १८५४ साली कॉलऱ्याची भीषण साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी घरोघरी चौकशी करून, मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याकडे निर्देश केला. आज साथरोगशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी त्यांचे नाव येते. ते १८५८च्या जून महिन्यात वारले, तेव्हा ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांच्यावर अवघी दोन वाक्ये छापली. त्यांत क्लोरोफॉर्म आणि भुलीच्या इतर औषधांवरील संशोधनाचा गौरव होता, कॉलऱ्याचा उल्लेखही नव्हता. भूल दिलेला रुग्ण समोर दिसत होता, न झालेला कॉलरा कोणाला दिसला नव्हता. त्याच ‘लॅन्सेट’ने २०१३ साली, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी, ती चूक जाहीरपणे दुरुस्त केली. आपल्या आईंवरचा लेख आत्ताच नीट लिहिला जावा, याचे महत्त्व मला एवढ्यासाठीच वाटते.

मग नीट म्हणजे कसा? माझ्या मते अशा लेखाचा गाभा आधीच्या स्थितीच्या वर्णनात असतो. आई एखाद्या ठिकाणी रुजू झाल्या तेव्हा तिथे काय होते, लोक कशाने आजारी पडत होते, पाणी कुठून येत होते, बाळंतपणे कोण करत होते, जन्म आणि मृत्यू यांची नोंद होत होती की नव्हती, लस पोहोचेपर्यंत ती थंड राहत होती का, यातले जेवढे खात्रीने कळेल तेवढे सविस्तर लिहा. ही पार्श्वभूमी भरघोस उभी राहिली की पुढे ‘त्यांनी दर आठवड्याला वस्तीत जाऊन नोंदवही तपासायला सुरुवात केली’ हे साधे वाक्यही वाचकाला त्याच्या पूर्ण वजनानिशी समजते. ती नसेल, तर कितीही विशेषणे लावली तरी वाक्य पोकळच राहते. त्यांनी सगळ्यात आधी काय बदलले, कशाला विरोध झाला, कोणता प्रयत्न फसला आणि त्यानंतर त्यांनी वेगळे काय केले, हे क्रमाने सांगा. वैद्यकीय क्षेत्रातल्या नसल्याचा आपल्याला इथे फायदाच होईल, कारण आपण जे विचारून समजून घ्याल ते सामान्य वाचकालाही समजेल अशा शब्दांत उतरेल.

आता ‘हजारो जीव’ याविषयी. आकडा द्यावा की नाही, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. हा आकडा आज आपण विश्वासाने सांगू शकतो, कारण आधीची आणि नंतरची मोजणी तिथेच, त्याच परिस्थितीत झाली आणि ती वेळीच प्रसिद्ध केली गेली. आपल्या आईंच्या कपाटातल्या तक्त्यांत असा एखादा आकडा असेल तर तो अवश्य द्या. वर्ष, ठिकाण आणि मोजणी कोणी केली, हेही त्याच्या शेजारी लिहा. नसेल तर अंदाजाने बेरीज करू नका. एखाद्या भागातला बालमृत्यूदर उतरतो तेव्हा त्यामागे स्वच्छ पाणी, पोषण, मुलींचे शिक्षण, रस्ते, लसी आणि माणसांची मेहनत हे सगळे एकाच वेळी काम करत असते. त्यातला एका व्यक्तीचा वाटा वेगळा काढता येत नाही. आयुष्यभर हेच शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या स्मरणलेखात हीच चूक व्हावी, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना निश्चितच खटकेल. भावाचा हेतू प्रेमाचा आहे, हे मला दिसते. त्यांना एवढेच सांगा की अतिशयोक्ती वाचणारा माणूस खऱ्या गोष्टींवरही शंका घेऊ लागतो.

शिवाय ‘तारणहार’ या शब्दात बाकीची सगळी माणसे पुसली जातात. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला गेला आणि साथ थांबली, असे आपण ऐकत आलो आहोत. पण स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की तोवर साथ ओसरू लागली होती. साथीचा उगम ज्या घरातून झाला, ते घर शोधून काढले हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण धर्मोपदेशकाने. स्नो यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी तो चौकशीला निघाला होता आणि पुराव्यापुढे त्याने आपले मत बदलले. मृत्यूंच्या नोंदी सरकारी आकडेवारीचे काम पाहणाऱ्या विल्यम फार यांच्या कार्यालयातून आलेल्या होत्या. बनगावला ते मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईक होते. जामखेडला १९७० साली काम सुरू करणाऱ्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने ज्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले, त्या गावातल्याच, बहुतेक अशिक्षित स्त्रिया होत्या. या कामात एकट्याने केलेले असे जवळपास काहीच नसते. आपल्या आईंबरोबर चाललेली माणसे लेखात नावानिशी आली, तर आईंचे स्थान कमी होणार नाही, उलट त्या माणसांमध्ये उभ्या असलेल्या आई वाचकाला नीट दिसतील.

म्हणून माझा आग्रह असा की प्राध्यापकांकडे आणि अधिकाऱ्यांकडे जाण्यापूर्वी आपण आरोग्यसेविका, परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, नोंदी ठेवणारे लिपिक आणि आईंना दूरदूर घेऊन जाणारे वाहनचालक यांना भेटावे. मोठ्या पदावरच्या लोकांच्या आठवणी कुठे ना कुठे छापून येतात. या माणसांना आजवर बहुधा कोणी विचारलेलेच नसते आणि त्यांतले बरेच जण आता वयस्कर असतील. त्यांना ‘मॅडम कशा होत्या?’ असे विचारलेत तर ‘फार चांगल्या होत्या’ असेच उत्तर येईल. त्याऐवजी मॅडम वस्तीत पोहोचल्यावर पहिल्यांदा कुठे जात, नोंद चुकली तर काय म्हणत, लस घ्यायला नकार देणाऱ्या घरात कशा बोलत, कोणत्या गोष्टीवर त्यांचा आवाज चढे, हे विचारा. मग माणसे बोलू लागतील. ती बोलतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा.

अध्यापनाचा भाग मला सर्वात समृद्ध वाटतो आणि स्मरणिकांमध्ये तोच सगळ्यात फिका उतरतो. कारण उघड आहे : विद्यार्थ्यांना ‘आठवणी पाठवा’ असे पत्र जाते आणि ‘त्या आमच्यासाठी दीपस्तंभ होत्या’ अशा मजकुराचे ढीग येतात. आपण सर्वांना एकच प्रश्न पाठवून पाहा : ‘आज आपल्या रोजच्या कामात आपण अशी कोणती गोष्ट करता, जी त्यांनी शिकवली नसती तर केली नसती?’ कोणी लिहील की रुग्णाला औषध लिहून देण्याआधी मी तो राहतो कुठे आणि काम काय करतो हे विचारतो. कोणी लिहील की अहवालात टक्केवारी दिसली की मी आधी एकूण संख्या किती ते पाहतो. कोणी आता स्वतः शिकवत असेल आणि विद्यार्थ्यांना वर्गात बसवण्याऐवजी एका कुटुंबाकडे नेत असेल. आईंच्या कामाचा जो भाग अजून डोळ्यांना दिसतो, तो इथे आहे. वैद्यकीय शिक्षणात हा विषय बहुतेकदा परीक्षेपुरता वाचला जातो, हुशार मुले शस्त्रक्रिया किंवा हृदयरोग यांकडे डोळे लावून असतात, आणि अशा वर्गासमोर वर्षानुवर्षे उभे राहून चार जणांना तरी या कामाची गोडी लावणे किती कठीण आहे, हे लेखात स्पष्ट लिहायला संकोच करू नका.

व्याख्यानांच्या वह्या आपण स्वतः वाचाव्यात. सगळे कळले नाही तरी चालेल. त्यांनी कुठे खोडले, कुठे नव्याने लिहिले, समासात काय टिपले, ते पाहा. त्यांच्या पिढीने विलक्षण बदल पाहिले आहेत. १९७७ साली सोमालियात देवीचा नैसर्गिक संसर्गाने झालेला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८०च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने देवीच्या निर्मूलनाची घोषणा केली; म्हणजे ज्या रोगाचा प्रतिबंध कालपर्यंत शिकवायचा होता, तो इतिहास म्हणून शिकवावा लागला. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा हा सगळ्यांसाठी आरोग्य मिळवण्याचा मार्ग ठरवला. १९८१ साली एड्सची पहिली वर्णने प्रसिद्ध झाली आणि एक पूर्णपणे नवे प्रकरण वहीत आले असेल. आपले ज्ञान बदलले हे वर्गात मोकळेपणाने सांगणारा शिक्षक विद्यार्थ्यांना शास्त्र म्हणजे काय हे सर्वात चांगले शिकवतो. त्या खोडलेल्या ओळींत ते सापडले, तर वहीचे एक पान स्मरणिकेत जसेच्या तसे छापावे.

आता आपल्या रागाविषयी. तो लेखात यावा का, असे आपण विचारता. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण घाईघाईने नव्हे. आधी तो स्वतःपुरता पूर्ण लिहून काढा : कोणती साथ, आपले वय काय, घरी कोण होते, कोणत्या दिवशी त्या हव्या होत्या आणि नव्हत्या. काहीही सावरून घेऊ नका. ते पान कोणाला दाखवण्याचे बंधन नाही. काही दिवस गेल्यावर त्यातली एकच नेमकी घटना निवडा आणि ती लेखात तिच्या जागी, साध्या शब्दांत येऊ द्या. तिच्यामागे ‘पण समाजासाठी तो त्याग आवश्यकच होता’ असे वाक्य जोडू नका आणि दोषारोपही करू नका. घटना सांगून पुढे जा. दुसऱ्यांच्या मुलांसाठी झटणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मुलांना काहीतरी सोसावे लागते, हे या क्षेत्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे आणि जवळपास कुठेच लिहिलेले नाही. २०२०च्या कोविड साथीत किती डॉक्टर आणि परिचारिका संसर्गाच्या भीतीने आपल्या मुलांपासून दूर राहिल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. स्मरणिका वाचणाऱ्या तरुण डॉक्टर मुलींना या कामाची खरी किंमत कळण्याचा हक्क आहे, आणि ती आपल्याइतकी विश्वासार्हपणे कोण सांगणार? राग आणि अभिमान हे दोन्ही एकाच मनात राहू शकतात. लेखातही ते शेजारी शेजारी राहू द्या, त्यांचा मेळ घालून दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. छापण्यापूर्वी ती घटना भावाला मात्र स्वतः वाचून दाखवा. त्यांनी ती छापील पानावर पहिल्यांदा वाचू नये.

आईंच्या कामातल्या उणिवांबद्दलही हेच सांगेन. सोमालियातल्या ज्या रुग्णाचा वर उल्लेख केला, ते अली माओ मालिन रुग्णालयात स्वयंपाकी होते आणि टोचणीच्या भीतीने त्यांनी देवीची लस टाळली होती. पुढे त्यांनी पोलिओच्या मोहिमेत काम केले, लसीला नकार देणाऱ्या आईवडिलांना ते आपली हीच गोष्ट सांगत, आणि त्या मोहिमेचे काम करत असतानाच २०१३ साली मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे स्मरण त्या भीतीला वगळून करता येणार नाही. आईंचा एखादा निर्णय चुकला असेल आणि तो त्यांनी स्वतः मान्य केला असेल, तर तो लेखातून गाळू नका.

कागदपत्रांच्या बाबतीत एक सावधगिरी सर्वांत आधी. सर्वेक्षणाच्या अर्जांवर माणसांची नावे, पत्ते आणि आजार असतील; क्षयरोग, लैंगिक आजार, गर्भपात यांसारखी माहिती लोकांनी आईंच्या शब्दावर विश्वास ठेवून दिलेली असते आणि तो शब्द त्यांच्या मृत्यूने संपत नाही. असे अर्ज वेगळे काढून बंद ठेवा, त्यांची छायाचित्रे कोणाला पाठवू नका आणि ज्या संस्थेसाठी तो अभ्यास झाला, तिच्याशी बोलून त्यांचे पुढे काय करायचे ते ठरवा. नावे नसलेले एकत्रित तक्ते, वह्या आणि अहवाल मात्र जपण्यासारखे आहेत. विद्यार्थ्यांची पत्रे छापायची असतील तर लिहिणाऱ्यांची परवानगी घ्या. छायाचित्रांत रुग्ण किंवा लहान मुले ओळखू येत असतील तर ती त्यांच्या किंवा त्यांच्या पालकांच्या संमतीशिवाय वापरू नका. प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने वर्ष, ठिकाण आणि माणसांची नावे लिहा. ओळखणारी माणसे आहेत तोवरच हे होऊ शकते. गंजलेल्या टाचण्या काढा, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. ग्रंथालयाला देण्याचा विचार असेल तर ते या कागदांची सूची करतील का आणि अभ्यासकांना ते पाहता येतील का, हे लेखी विचारून घ्या. नुसते स्वीकारून माळ्यावर ठेवणार असतील तर घरचे कपाट बरे.

स्मृतिपुरस्काराबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. निधी उभारायचा, समिती नेमायची, दरवर्षी समारंभ करायचा, यात कुटुंबाची शक्ती खर्च होते आणि पुरस्कार बहुधा अशा व्यक्तीकडे जातो, जिला तो नसता तरी चालले असते. त्याच रकमेतून दरवर्षी एखाद्या विद्यार्थ्याच्या क्षेत्रभेटीचा प्रवासखर्च किंवा एका आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलला, तर ते आईंच्या कामाशी अधिक सुसंगत होईल. तरीही भावाचे मन पुरस्कारावरच असेल तर वाद घालू नका. तो प्रत्यक्ष वस्तीत काम करणाऱ्यालाच मिळावा, एवढी एक अट नियमावलीत लिहून घ्या.

लेखाचा पहिला मसुदा दोघांना वाचायला द्या : एक, आईंबरोबर क्षेत्रात काम केलेली व्यक्ती, जी वर्षे, ठिकाणे आणि नावे तपासेल, दुसरी, वैद्यकाशी काहीही संबंध नसलेली व्यक्ती, जी कुठे काही कळले नाही ते सांगेल. स्मरणिकेच्या संपादकांनी लांबी कमी करायला सांगितली तर आधी विशेषणे काढा, मग पदव्या आणि पदांची यादी शेवटी चौकटीत टाका. आधीच्या स्थितीचे वर्णन आणि सहकाऱ्यांची नावे मात्र कापू देऊ नका. आणि लेख सुरू होण्याची वाट न पाहता या आठवड्यातच त्या सर्वात ज्येष्ठ आरोग्यसेविकेला दूरध्वनी करून भेटीची वेळ ठरवा.